सातव्या टाक्याच्या मॅडम

आमच्या मॅडमना पाहुणा आलेला जितका आवडे, तितकाच तो गेलेलाही आवडे. तसं ते सगळ्यांनाच आवडतं. मॅडम ते लपवत नसत, एवढाच फरक. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेलं की दारात तोंडभर हसू, बसायला खुर्ची, पुढ्यात चहा आणि चिवड्याची बशी. मग काय काम असेल ते बोलून व्हायचं. ते झालं की मॅडम बोलता बोलताच उठायच्या, दारापाशी जाऊन पाहुण्याच्या चपला उचलायच्या आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायच्या. परत येऊन बसायच्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं विचारायच्या, "आणि मग, आई काय म्हणते?"

नवा माणूस आईबद्दल सांगत बसे. जुना माणूस उठे.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बायकोच्या गोष्टी तिच्यासमोरच सांगायची त्यांना भारी हौस. "अहो, लेकीच्या लग्नानंतर व्याही पहिल्यांदा घरी आले, तर हिनं त्यांच्या चपला फिरवल्या! अजून त्यांचा फोन येतो, पण दोन वाक्यांत ठेवतात." मॅडम चिवडा खात म्हणायच्या, "शहाणी माणसं आहेत. काम झालं की निघायचं. पेशीला एवढं कळतं, माणसाला कळत नाही."

ही पेशी मॅडमच्या बोलण्यात कुठूनही यायची. लग्न, बारसं, विभागाची मीटिंग, कांद्याचा भाव, काहीही चालू असो, फिरून फिरून गाडी पांढऱ्या पेशीवर. त्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या वर्गाला इम्युनॉलॉजी शिकवायच्या, म्हणजे शरीर रोगाशी कसं लढतं त्याचं शास्त्र. मी येवल्याची, हॉस्टेलवर राहणारी. माझी रूम पार्टनर सुवर्णा कळवणजवळच्या खेड्यातली. ती बोलायला फटकळ आणि डोक्यानं माझ्यापेक्षा तेज, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि पुढे दोन वर्षं खुपत राहिलं.

कळलं ते असं. पहिल्याच तासाला आम्ही वर्गात शिरलो तर घाणेरडा वास. रुमाल नाकाला लागले. मॅडम टेबलाशी उभ्या. ठेंगणी, रुंद मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात.

"वास येतोय?"

"हो मॅडम."

"कुठून?"

कुणी खिडकी दाखवली, कुणी छताकडं बघितलं. एकानं तर शेजाऱ्याकडंच बोट केलं.

"बसल्या जागी नाही कळायचं. उठा. नाकानं शोधा."

आम्ही एम.एस्सी.ची शिकलीसवरलेली मुलं, लाजत राहिलो. सुवर्णा उठली. दोन पावलं इकडं गेली, हुंगलं, परत फिरली, दोन पावलं तिकडं. मग सरळ चालत कपाटापाशी गेली आणि मागून कागदात गुंडाळलेला सडका कांदा काढून टेबलावर ठेवला.

"कशी सापडली जागा?" मॅडमनी विचारलं.

"तिकडं लय येत होता वास."

मॅडमचा चेहरा असा उजळला की आता पोरीला पेढा देतात की काय असं वाटलं. "लिहून घ्या सगळ्यांनी. 'लय'. नुसता वास येऊन उपयोग नाही. कुठं लय येतो ते कळलं पाहिजे."

आणि मग त्यांनी सांगितलं. पायात काटा मोडला, की तिथल्या पेशी काही बारीक प्रथिनं बाहेर सोडतात. त्यांना केमोकाइन म्हणतात. ते बोलावणं. रक्तातून हिंडणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर हे बोलावणं ओळखणारी नाकं असतात, ती केमोकाइन रिसेप्टर. ज्या पेशीला जे नाक, तिला तो वास. आणि पेशी तिकडंच सरकते, जिकडं वास लय. काट्याभोवती त्या गोळा होतात, जंतू खातात, घाण काढतात. त्या गर्दीनं जागा लाल होते, गरम होते, फुगते, ठणकते. तीच सूज.

"सूज वाईट नाही," मॅडम म्हणाल्या. "सूज म्हणजे मदतीला आलेली माणसं. वाईट कधी? काम झाल्यावरही ती हलत नाहीत तेव्हा."

त्या वर्षीच्या परीक्षेत एकानं सरळ 'पेशी लय वासाकडे जातात' असं लिहिलं आणि मॅडमनी त्याला पूर्ण मार्क दिले.

पुस्तकात या रिसेप्टरांची नावं बघितली की पुस्तक मिटावंसं वाटतं. सगळी अक्षरं आणि आकडे, एखाद्या कॉलनीतल्या बंगल्यांच्या नंबरांसारखी. मॅडमनी यावर उपाय काढला होता. वर्गातल्या प्रत्येकाला त्या त्याच्या स्वभावाप्रमाणे एकेक रिसेप्टर चिकटवायच्या. सुवर्णा दर शनिवारी कळवणची एसटी पकडायची. ती सीसीआर-सेव्हन. हा रिसेप्टर अंगावर असलेली पेशी कुठंही हिंडली तरी काखेतल्या, मानेतल्या गाठींकडं परत जाते. कँटीनमध्ये वडे तळायला घेतले की सगळ्यांच्या आधी पोचणारा योगेश सीएक्ससीआर-टू, कारण बोलावणं येताच पहिल्या धावणाऱ्या पेशींचं ते नाक. आणि मी सीएक्ससीआर-फोर.

"तो काय करतो मॅडम?" मी आशेनं विचारलं.

"पेशीला हाडाच्या मगजात धरून ठेवतो. घराबाहेर पडू देत नाही. तू हॉस्टेलची खोली सोडतेस कधी?"

सगळे हसले. मीही हसले, पण त्या रविवारी हट्टानं एकटी रामकुंडापर्यंत जाऊन आले.

मॅडमना शिकवायला फळा पुरत नसे. रक्तातली पेशी सूज आलेल्या जागी उतरते कशी, हे दाखवायला त्या एकदा आम्हाला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या. पेशी आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला घासत, अडखळत, गडगडत पुढं जाते. भिंतीला चिकटलेला वास नाकाला लागला की एकदम घट्ट धरते आणि फटीतून बाहेर पडते. हे सांगत मॅडम स्वतः भिंतीला खांदा लावून गडगडत निघाल्या. स्टाफरूममध्ये आल्याचा चहा उकळत होता. दारापाशी आल्या, थबकल्या, नाक वर केलं, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि आडव्या होऊन अर्धवट उघड्या दारातून आत शिरल्या. नेमके तेव्हाच प्राचार्य बाहेर येत होते.

"हे काय चाललंय मॅडम?"

"सर, बाजूला व्हा. तुम्ही फटीत उभे आहात."

प्राचार्य बाजूला झाले. मॅडमपुढं सगळेच बाजूला होत.

त्यांचं नाक तयार झालं होतं ते सटाण्याजवळच्या त्यांच्या माहेरी, कांद्याच्या चाळीत. उन्हाळी कांदा साठवायची ती लांबलचक हवेशीर शेड. ढिगात एक कांदा सडला की वेळेवर काढावा लागतो, नाहीतर शेजारचेही जातात. लहानपणी हे काम मॅडमकडं असायचं. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्यांनी आमचा सगळा वर्ग एसटीत घालून तिथं नेला आणि चाळीत सोडला. "शोधा सडका कांदा."

त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणालो, टोपी मागं सरकवून आमच्याकडं बघत राहिले. बहिणीशी बोलताना त्यांची अहिराणी सुरू झाली.

"बैन, काय शिकाडी राहिनी तू यास्ले?"

"सडेल कांदा कसा शोधाना ते," मॅडमही लगेच अहिराणीत गेल्या.

"यान्हासाठे कॉलेज लागस?"

आम्ही हुंगत सुटलो. सुरुवातीला सगळ्यांना वास येत होता. थोड्या वेळानं कुणालाच येईना. सुवर्णाही गोंधळली. मॅडमना हेच हवं होतं. "नाक मुरलं तुमचं. एकसारखा वास आला की पेशीचंही मुरतं. ती आपलं नाक चक्क आत ओढून घेते. बाहेर जा, वारा खा, मग या." आम्ही वारा खाऊन आलो, आणि या वेळी योगेशला कोपऱ्यात वास लागला. तो ओरडला तसे सगळेच तिकडं धावले, ढिगावर चढले, ढकलाढकली झाली. सडका कांदा निघाला, पण पायाखाली चांगल्या कांद्यांचा चेंदा झाला. आबांनी कपाळाला हात लावला. "बैन, एक सडेल व्हता, यास्नी धा फोडात!"

मॅडम टाळ्या वाजवत होत्या. "बघा! हीच सूज! मदतीला आले आणि घर तुडवलं! आता उतरा खाली. काम झालं की निघायचं!"

आबांनी तरीही आम्हाला जेवू घातलं. फुटलेल्या कांद्यांची भजी झाली, हे सांगायला नकोच.

आता गोधडीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच घडली.

केमोकाइन रिसेप्टर हा पेशीच्या पडद्यावर नुसता चिकटवलेला नसतो. ते एक लांब धाग्यासारखं प्रथिन असतं आणि ते पडद्यातून आरपार सात वेळा जातं. एक टोक बाहेर राहतं, ते नाक. दुसरं टोक आत राहतं, ती शेपटी. बाहेर वास लागला की शेपटी आत निरोप देते आणि मग अख्खी पेशी हलते. पडदाही दोन थरांचा असतो. दोन थर आणि आरपार धागा म्हटल्यावर सटाण्याकडच्या बाईला दुसरं काय आठवणार? मॅडमनी ठरवलं, दुसऱ्या वर्षाच्या वर्गानं पेशीची गोधडी शिवायची.

आतला थर त्यांच्या आईच्या जुन्या लाल लुगड्याचा. बाहेरचा थर पांढराच हवा, कारण पेशी पांढरी. पांढरी साडी कुणाकडं आहे? माझी आई पौर्णिमेला विहारात पांढरी साडी नेसून जायची, तिची एक विरलेली साडी घरी होती. मी फोन केला.

"कशाला पाहिजे गं?"

"पांढऱ्या पेशीची कातडी करायचीय."

आई हळूच म्हणाली, "तुमच्या मॅडम बऱ्या आहेत ना?"

तरी तिनं साडी धुऊन, घडी घालून पाठवली. मॅडमनी ती दोन्ही हातांत घेतली आणि डोळ्यांना लावली. तेव्हापासून माझ्या आईची त्या खरंच विचारपूस करू लागल्या.

शिवण सुरू झालं. प्रत्येक रिसेप्टरला वेगळ्या रंगाचा दोरा. वरच्या पांढऱ्या बाजूला दोऱ्याच्या टोकाला मणी, ते नाक. मग सुई खाली, वर, खाली, वर, अशी सात वेळा आरपार. सातव्यांदा ती लाल बाजूला निघते. तिथं शेपटीला बांधायचा एक बारीक घुंगरू. गोधडी दोरीवर टांगायची, एकानं बाहेरून मणी ओढायचा, की आतला घुंगरू वाजतो. बाहेर वास लागला, आत निरोप पोचला. मॅडम विभागाच्या मीटिंगमध्येही मांडीवर गोधडी घेऊन बसायच्या. प्राचार्यांनी नजर टाकली की म्हणायच्या, "बोला सर, मी ऐकतेय. रिसेप्टर बसवते आहे फक्त."

मात्र त्याच हिवाळ्यात काही गोष्टी आमच्या लक्षात यायला लागल्या होत्या. मॅडमनी सकाळचा तास दुपारी नेला. खडू बोटांत न धरता मुठीत धरायला लागल्या. बाटलीचं झाकण उघडायला योगेशला हाक मारायच्या आणि म्हणायच्या, "काय मेली नाशिकची थंडी!" आमच्या लॅबबाहेर चपला काढून आत जायची पद्धत होती, आणि प्रॅक्टिकल संपलं की मॅडम दारात जाऊन आमच्या चपला फिरवायच्या. आता त्या वाकेनाशा झाल्या. पायानंच चपला ढकलून फिरवायच्या. बोटांच्या मधल्या पेरांवर दोन्ही हातांना सारखीच सूज. हे कशाचं लक्षण ते मॅडमनीच आम्हाला शिकवलं होतं.

आम्ही काकांना गाठलं. हसरा माणूस, त्या दिवशी हसला नाही.

"संधिवात आहे, आमवात म्हणतात तो. तिला काय झालंय ते तिच्याइतकं नाशकात कुणाला कळत नसेल. म्हणून तर डॉक्टरकडं जात नाही. उशीर केला तर बोटं कायमची वाकडी होतील, हेही तिनंच मला सांगितलं. मी विषय काढला की उठून चपला फिरवते. माझ्या! माझ्याच घरात!"

या आजारात बाहेरचा शत्रू कुणी नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशी आपल्याच सांध्यात गोळा होतात, आणि त्यांची गर्दीच आणखी बोलावणी सोडत राहते. एकेका रिसेप्टरला कुलूप लावून ही गर्दी थांबवायचे प्रयत्न बरेचसे फसले, असं मॅडमनी आम्हाला वर्गात सांगितलं होतं. एका नाकाला पुष्कळ वास कळतात आणि एक वास पुष्कळ नाकांना कळतो. "एक दार लावलं की पाहुणे मागच्या दारानं येतात," असं म्हणून त्या तेव्हा हसल्या होत्या. आता तो तास आठवला की माझं लक्ष त्यांच्या हातांकडं जायचं. ते हात, ती बोटं जायला नको होती. मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा. सगळं कळणाऱ्या बाईनं असं वागावं?

पुढं गोधडी पुरी झाली असं मॅडमनी जाहीर केलं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवण्याआधी एकदा तपासून घ्यायची ठरली. लॅबमध्ये दोरी बांधली, गोधडी टांगली. लाल बाजूला सुवर्णा बसली, पांढऱ्या बाजूला मी. मी एकेक मणी ओढायचा, आतला घुंगरू वाजला की तिनं सांगायचं.

"वाजला."

पुढचा.

"वाजला."

मग मी जांभळा मणी ओढला.

"हा नाय वाजला."

"नीट ओढ," मॅडम म्हणाल्या. मी ओढला.

"नाय मॅडम. इकडं शेपटीच नाय."

मॅडमचा पारा चढला. "सात टाके घालायला सांगितले होते, सात! मोजता येत नाही? हा कुणी शिवला?"

जांभळं रीळ मॅडमच्या पर्समध्ये असायचं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मॅडमनाही आठवलं. त्या पुढं आल्या, चष्मा लावला आणि बोट ठेवून मोजायला लागल्या. एक खाली, दोन वर, तीन खाली, चार वर, पाच खाली, सहा वर. दोरा तिथंच संपवलेला. मणीही बाहेर आणि शेपटीही बाहेर, एकमेकांशेजारी लोंबत होती.

"त्या दिवशी सुई धरवेना," त्या हळू म्हणाल्या. हाताबद्दल त्या पहिल्यांदाच काही बोलल्या. मग लगेच सावरून, "राहू दे. असतो एखादा बहिरा."

गोधडीमागून सुवर्णा बाहेर आली. "बहिरा कसा मॅडम? नाक हाय की त्याला. वास येतोय त्याला, चांगला येतोय. पण घरात कळवत नाय. घर आपलं बसलंय गाफील." ती थांबली. मला वाटलं, आता गप्प बसेल. ती सुवर्णा होती. "तुमचं पण तेच चाललंय."

मॅडमना राग अनावर झाला की मराठी पुरायची नाही.

"तू माले शिकाडस?"

सुवर्णा हलली नाही. "तुम्हीच शिकवलं मॅडम."

मॅडम स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या आपल्या हातांकडं बघत राहिल्या. मग आमच्याकडं न बघता बोलल्या, "जन्मभर यांची बाजू घेतली मी. पांढऱ्या पेशी म्हणजे माझी माणसं. यांचं कौतुक करत तुमच्यासारख्या किती वर्गांना शिकवलं. आणि यांनी माझ्याच बोटांत ठाण मांडलं! आता डॉक्टरकडं जायचं म्हणजे यांच्याविरुद्ध तक्रार करायची. नाही करवत मला."

तेव्हा कळलं की ही भीती नव्हती, रुसवा होता. घरच्या माणसांनी दगा दिल्याचा रुसवा. माझा राग पळाला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"चला, संपलं प्रॅक्टिकल," म्हणत त्या उठल्या आणि दारात गेल्या. आम्हीही मागं गेलो. बाहेर आमच्या सगळ्यांच्या चपला होत्या तशाच, लॅबकडं तोंड करून. फक्त एक जोड जिन्याकडं तोंड करून नीट मांडलेला होता. तो मॅडमचा.

सुवर्णा आमच्यात नव्हती. ती जिन्याच्या कठड्याशी उभी राहून छताचा पंखा बघत होती.

"कुणी फिरवल्या?"

मॅडमनी सुवर्णाकडं बघितलं.

"माझं काम झालं का इथलं?"

इतरांनी माझ्याकडं बघितलं. घराबाहेर न पडणारी सीएक्ससीआर-फोर मी, कुठून बळ आलं कोण जाणे. "इथलं झालं मॅडम. तिकडचं राहिलंय. आणि तक्रार कशाला करायची? पेशींच्याही चपलाच फिरवायच्यात ना?"

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि त्या अशा हसल्या की शेजारच्या लॅबमधली मुलं बाहेर आली. हसता हसताच त्यांनी चपला घातल्या आणि फोन लावला. "अहो, गाडी काढा. हो, आत्ता. नाही, भाजीला नाही."

डॉक्टरांकडं काय झालं ते काकांनी नंतर रंगवून सांगितलं. डॉक्टर तरुण होते. मॅडमनी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना केमोकाइनवर व्याख्यान दिलं. ते संपेना, तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, मी आता शिकू की तपासू?" मग त्यांनी औषध समजावलं. पेशींना मारायचं नाही, सांध्यात जी बोलावण्यांवर बोलावणी चालली आहेत ती कमी करायची. गर्दी आपोआप पांगेल, मात्र वेळ लागेल. मॅडम खूश झाल्या. "पास आहे," असं काकांच्या कानात म्हणाल्या, पण ते सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं. आणि निघताना बाहेर एक माणूस उगाच कंपाउंडरशी गप्पा मारत रेंगाळला होता, त्याच्या चपला पायानं फिरवून आल्या.

वेळ लागलाच. हिवाळा गेला, ऊन तापायला लागलं. मॅडम कुरकुरत गोळ्या घ्यायच्या आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्यायच्या. खडू मुठीतून हळूहळू बोटांत आला. एका पेरावरची सूज पूर्ण गेली नाही, तिला त्या "घरजावई" म्हणायच्या.

आमचं शेवटचं प्रॅक्टिकल होतं त्या दिवशी मॅडमनी गोधडी काढली, टेबलावर पसरली आणि सुई मागितली. जांभळ्या दोऱ्याचं टोक अजून वर लोंबतच होतं. सुईत दोरा ओवायला त्यांना वेळ लागला. योगेश पुढं झाला, तर त्याच्या हातावर चापट बसली. आम्ही सगळे नुसते बघत उभे राहिलो. शेवटी दोरा ओवला गेला. मॅडमनी सुई माझ्या आईच्या पांढऱ्या साडीतून खाली घातली, त्यांच्या आईच्या लाल लुगड्यातून बाहेर काढली आणि शेपटीला घुंगरू बांधला. टाका वाकडा पडला. मॅडमनी तो तसाच ठेवला.

गोधडी टांगली. सुवर्णा लाल बाजूला जाऊन बसली. मॅडमनी स्वतः अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जांभळा मणी धरला आणि ओढला. घुंगरू आम्हा सगळ्यांनाच ऐकू आला.

तरी पलीकडून सुवर्णा ओरडली, "वाजला मॅडम! लय वाजला!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग त्या दारात गेल्या, वाकल्या आणि आमच्या सगळ्यांच्या चपला एकेक करून हातानं उचलल्या, बोटांनी नीट धरून, आणि तोंडं जिन्याकडं करून ओळीनं मांडल्या. एकही पायानं ढकलली नाही. परत आल्या, माझ्याजवळच्या स्टुलावर बसल्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं म्हणाल्या, "आणि मग, आई काय म्हणते?"

दोन वर्षांत मी काही नवी राहिले नव्हते. उठायला हवं होतं. पण मी बसून राहिले आणि आईबद्दल सांगत सुटले. येवल्याचं घर, विहार, साडी, सगळं सगळं. मॅडमही ऐकत बसल्या.